मौल्यवान धातूंचे स्पार्क प्लग

मौल्यवान धातूंचे स्पार्क प्लग म्हणजे ज्यांच्या विद्युतअग्रांवर प्लॅटिनम किंवा इरिडियम या धातूंचे टोक बसवलेले असते असे स्पार्क प्लग होत. बाजारात ते ‘प्रीमियम प्लग’ म्हणून ओळखले जातात आणि निकेलच्या साध्या प्लगांपेक्षा महाग असतात. ते बसवल्याने मोटारीचा ‘पिकअप’ व ‘अ‍ॅव्हरेज’ वाढतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात सुस्थितीतील इंजिनात नव्या साध्या प्लगऐवजी नवा महाग प्लग बसवल्यास जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही. दीर्घ आयुष्य आणि प्रतिकूल परिस्थितीतही खात्रीने पडणारी ठिणगी हे या प्लगांचे खरे लाभ आहेत. मुंबई उपनगरांत वाहतूक संथ, पावसाळा जोरदार आणि सीएनजीवरील वाहने मोठ्या संख्येने असल्यामुळे हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो.

रचना व कार्य

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि ते स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. प्लगमध्ये मध्यवर्ती अग्र, त्याभोवती चिनी मातीसारख्या ॲल्युमिना निरोधकाचे आवरण आणि बाहेरील धातूच्या कवचाला जोडलेले दुसरे अग्र असते. दोन अग्रांमधील अंतराला ‘गॅप’ म्हणतात. मोटारींत ते सामान्यतः ०.६ ते १.१ मिलिमीटर असते. इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्ट दाबाचे रूपांतर हजारो व्होल्टमध्ये करते आणि या फटीतून ठिणगी उडते. चतुर्घाती इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण पेटवावे लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा हे काम करावे लागते.

साध्या प्लगचे मध्यवर्ती अग्र निकेलच्या मिश्रधातूचे व सुमारे २.५ मिलिमीटर जाडीचे असते. उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्या गाभ्यात तांबे असते, म्हणून त्याला ‘कॉपर प्लग’ असेही म्हणतात. मात्र तांब्याचा गाभा इरिडियम प्लगांतही असतो. फरक असतो तो टोकाच्या धातूत. निकेल सुमारे १,४५५, प्लॅटिनम १,७६८ आणि इरिडियम २,४४६ अंश सेल्सिअसला वितळते. इरिडियम अतिशय कठीण असल्याने त्याचे टोक ०.४ ते ०.७ मिलिमीटर इतके बारीक ठेवले, तरी ते लवकर झिजत नाही.

शक्तीवरील परिणाम

इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये किती हवा व इंधन शिरते, ते किती दाबले जाते आणि योग्य क्षणी पेटते की नाही, यांवर अवलंबून असते. प्लगचे काम मिश्रण पेटवणे एवढेच आहे. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, या आदर्श प्रमाणातील स्थिर मिश्रण पेटण्यास एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते. मोटारीची प्रज्वलन प्रणाली त्याच्या अनेक पट ऊर्जा पुरवते. काडी पेटून चूल लागली, की काडी कितीही महाग असली तरी जाळ वाढत नाही, तसाच हा प्रकार आहे.

याला अपवाद आहेत. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात सिलिंडरमधील दाब जास्त असतो आणि दाब वाढला, की ठिणगी उडण्यास अधिक व्होल्टेज लागते. मिश्रणात इंधनाचे प्रमाण कमी असेल, तर ते पेटणेही कठीण होते. अशा वेळी बारीक टोक उपयोगी पडते. विद्युतक्षेत्र टोकापाशी एकवटल्याने कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी उडते आणि अग्राचा धातू कोवळ्या ज्योतीची उष्णता कमी शोषून घेतो. म्हणूनच अनेक आधुनिक इंजिनांत निर्माते मुळातच इरिडियम प्लग बसवतात. तेथे साधे प्लग लावणे ही बचत ठरत नाही.

प्लग बदलल्यावर गाडी ‘हलकी’ चालते, हा अनुभव खोटा नसतो. त्याचे कारण मात्र वेगळे असते. झिजलेल्या प्लगची गॅप वाढते, ठिणगी अधूनमधून चुकते आणि इंजिन, मेकॅनिकच्या भाषेत, ‘मिसिंग’ करू लागते. नवा प्लग ही गमावलेली शक्ती परत मिळवून देतो आणि नवा साधा प्लगही तेच करतो. शिवाय सर्व्हिसिंगच्या वेळी एअर फिल्टर व ऑइलही बदलले जाते, त्याचे श्रेय प्लगला मिळते. खरी तुलना नव्या साध्या व नव्या महाग प्लगांत, त्याच इंजिनावर आणि नियंत्रित परिस्थितीतच होऊ शकते. वाहनांच्या अशा चाचण्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत डायनामोमीटरवर केल्या जातात. घाटकोपर ते अंधेरी या रोजच्या प्रवासात वाहतूक, वातानुकूलन आणि पाऊस यांनीच इंधनाचा खर्च इतका बदलतो, की प्लगचा सूक्ष्म परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही.

अनेक अग्रांच्या किंवा दुभंगलेल्या अग्राच्या प्लगांबाबतही असेच दावे झाले. अग्रे कितीही असली तरी एका वेळी ठिणगी सामान्यतः एकाच मार्गाने उडते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्प्लिटफायर’ या प्लगच्या इंधनबचतीच्या व शक्तिवाढीच्या जाहिरातींना पुरेसा आधार नसल्याचा आक्षेप घेतला होता आणि १९९७ मध्ये त्याबाबत कंपनीवर बंधने घातली. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तरतूद आहे.

एका सिलिंडरला दोन प्लग देण्याची पद्धत यापेक्षा निराळी आहे. बजाज पल्सरच्या २००३ मधील डीटीएस-आय इंजिनात आणि त्याच सुमाराच्या होंडा सिटी मोटारीच्या आय-डीएसआय इंजिनात ती वापरली गेली. तेथे ज्वलनकक्षच दोन ठिणग्यांसाठी आखलेला होता. लाभ होता तो संपूर्ण रचनेचा.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने तयार झालेली १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची मोटार मुंबईत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ धावली. तिच्यात कार्ब्युरेटर व पॉइंट असलेला डिस्ट्रिब्यूटर होता. इंधनमिश्रण अचूक नसे आणि पेट्रोलमध्ये शिसे असे. त्यामुळे प्लगवर काजळी व शिशाचे थर जमत आणि प्लग काढून, घासून, फीलर गेजने गॅप जुळवणे हे नेहमीचे काम होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० पासून बंद झाली आणि इंधन इंजेक्शन रूढ झाले. प्लगचे आयुष्य वाढण्यास हे बदल मोठ्या प्रमाणात कारण ठरले. मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या वायुप्रदूषणविषयक आदेशांनंतर शहरातील टॅक्सी व रिक्षा मोठ्या प्रमाणावर सीएनजीकडे वळल्या. रिक्षांना वांद्रे व शीव यांच्या पलीकडेच परवानगी असल्याने अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथे त्यांचे प्रमाण विशेष आहे. सीएनजीतील मुख्य घटक मिथेन हा पेट्रोलपेक्षा उच्च तापमानाला पेटतो आणि ठिणगीसाठी अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर ठीक चालणारा झिजलेला प्लग सीएनजीवर ठिणगी चुकवू शकतो. दिवसभर चालणाऱ्या वाहनाच्या चालकाला त्याचा थेट फटका कमाईत बसतो. येथे टिकाऊ टोकाचा प्लग उपयुक्त ठरतो. मात्र वायुरूप इंधन सिलिंडरमधील काही हवेची जागा घेत असल्याने सीएनजीवर शक्तीत जी घट होते, ती कोणत्याही प्लगने भरून निघत नाही.

प्लगचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्यावरील काजळी जळून जाते. कोंडीत थांबत-थांबत होणाऱ्या अल्प अंतराच्या प्रवासात हे तापमान अनेकदा गाठले जात नाही आणि प्लग काळा पडतो. पावसाळ्यात गाडी सुरू न होण्याचे कारण मात्र बहुधा प्लगच्या बाहेर असते. उच्चदाबाच्या तारा किंवा त्यांच्या रबरी टोप्या यांत ओल शिरल्याने विद्युतप्रवाह भलतीकडे जातो. अशा वेळी प्लग बदलून उपयोग होत नाही.

निवड व निगा

प्लगची निवड वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकानुसार करावी लागते. या क्रमांकात आट्यांचा व्यास, लांबी आणि ‘हीट रेंज’ म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता दर्शवलेली असते. एनजीके व डेन्सो यांच्या पद्धतीत मोठा अंक अधिक ‘थंड’ प्लग दर्शवतो, तर बॉशच्या पद्धतीत अधिक ‘गरम’. त्यामुळे कंपनी बदलताना केवळ अंक जुळवणे चुकीचे ठरते. गरजेपेक्षा गरम प्लगमुळे ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटून दट्ट्याला इजा होऊ शकते.

साधे निकेल प्लग सर्वसाधारणपणे २० ते ४० हजार किलोमीटर टिकतात. प्लॅटिनम व इरिडियम टोकांचे अनेक प्लग सुमारे एक लाख किलोमीटरपर्यंत चालतात. म्हणून खर्चाची तुलना प्लगच्या किमतीवरून न करता दर किलोमीटरमागे आणि मजुरी धरून करणे योग्य ठरते. ज्या इंजिनांत प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी बरेच भाग उतरवावे लागतात, तेथे महाग प्लग स्वस्त पडू शकतो. वर्षाला थोडेच अंतर चालणाऱ्या जुन्या मोटारीत वेळेवर बदललेला साधा प्लग पुरतो.

काढलेल्या प्लगचा रंग इंजिनाची स्थिती सांगतो. फिकट तपकिरी वा राखाडी टोक सुस्थितीचे, कोरडी काळी काजळी इंधनाच्या आधिक्याची, तेलकट थर इंजिनात ऑइल शिरत असल्याची, तर पांढरे, फोड आलेले निरोधक अतिउष्णतेची खूण असते. इरिडियमचे टोक बारीक व ठिसूळ असल्याने ते तारेच्या ब्रशने घासू नये, तसेच त्याच्यावर जोर देऊन गॅप जुळवू नये. ‘मिसिंग’कडे दुर्लक्ष केल्यास न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो निकामी होऊ शकतो. त्याच्या दुरुस्तीचा खर्च प्लगांच्या खर्चाच्या कित्येक पट असतो.