मुतखडा, बालकांतील : शस्त्रचिकित्सेचा इतिहास

लहान मुलांच्या मूत्रोत्सर्जक तंत्रातील खडे शस्त्राने काढणे ही वैद्यकातील अतिप्राचीन शस्त्रक्रियांपैकी एक होय. मूत्राशयातील खडा आणि वृक्कातील (मूत्रपिंडातील) खडा यांचा इतिहास मात्र विरुद्ध दिशांनी घडला. मूत्राशयाच्या बाबतीत बालक हा शल्यचिकित्सकाच्या सर्वांत सोयीचा रुग्ण होता. वृक्काच्या बाबतीत त्याचे लहानपण हीच मोठी अडचण ठरली.

अश्मरी विशेषतः बालकांना होते, आणि त्यांचा बस्ती लहान व अल्पमांसल असल्याने ती पकडून काढणे सुकर असते, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. गुदात बोटे घालून खडा खाली आणावा, शिवणीच्या डाव्या बाजूस यवाएवढे अंतर सोडून छेद घ्यावा आणि खडा न फोडता काढावा, कारण मागे राहिलेला चुरा पुन्हा वाढतो, असा विधी तेथे आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित व केल्यास यश संशयित, म्हणून राजाची अनुमती घ्यावी, हा इशाराही लक्षणीय आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी जवळजवळ याच रीतीचे वर्णन केले असून ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती मर्यादित ठेवली आहे.

फ्रेंच शल्यचिकित्सक प्येर फ्रांको यांना सुमारे दोन वर्षांच्या एका मुलाचा कोंबडीच्या अंड्याएवढा खडा खालून निघेना, तेव्हा त्यांनी ओटीपोटावर छेद घेऊन तो काढला. मूल वाचले, तरीही असे कोणी करू नये, असे त्यांनी १५६१ च्या आपल्या ग्रंथात बजावले. पुढे हाच मार्ग सर्वमान्य झाला. लंडनचे विल्यम चेसल्डन (१६८८–१७५२) यांच्या २१३ रुग्णांपैकी २० दगावले. पण त्यांतील दहा वर्षांखालील १०५ मुलांपैकी केवळ ३. भूल देण्याची सोय त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १८४६ मध्ये झाली, हे ध्यानात घेता हे यश असामान्य म्हटले पाहिजे.

अमेरिकेतील हेन्री बिगेलो यांनी १८७८ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा फोडण्याची व चुरा त्याच बैठकीत धुऊन काढण्याची पद्धत रूढ केली. मुलग्यांचा मूत्रमार्ग तिला फार अरुंद, असा समज होता. तो खोडून काढण्याचे बरेचसे श्रेय होळकरांच्या इंदूर येथील रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांना जाते. त्यांनी बारीक उपकरणे वापरून १८८० नंतरच्या दशकात तेथील मुलांवर ती यशस्वी केली. धान्यप्रधान, दुधाचा अभाव असलेला आहार व अतिसारामुळे होणारे निर्जलीभवन यांतून उद्‌भवणारा मूत्राशयाचा हा खडा पोषण सुधारले तेथे ओसरला आणि वृक्कातील खडा पुढे आला.

वृक्कावरील शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळपास निषिद्धच होती. हेन्री मॉरिस यांनी १८८० मध्ये लंडन येथे वृक्क शाबूत ठेवून खडा काढला. १८९६ मध्ये ग्लासगोत क्ष-किरणांनी वृक्कातील खडा दिसला. पण बालकाच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. दहा किग्रॅ. वजनाच्या मुलाच्या शरीरात जेमतेम ८०० मिलि. रक्त असते आणि थोडाही रक्तस्राव त्याला भारी पडतो. शिवाय सिस्टीनमेह, अतिऑक्झॅलेटमेह यांसारख्या जन्मजात विकारांत खडे पुनःपुन्हा होतात. दर वेळी कूस उघडल्यास व्रण साचतात, आणि तेच वृक्क आयुष्यभर पुरवावयाचे असते.

यावर उपाय निघाला तो शस्त्र टाळण्यातून. स्टॉकहोम येथे १९७६ मध्ये त्वचेतील लहान छिद्रातून वृक्कातील खडा काढण्यात आला. म्यूनिक येथे १९८० मध्ये शरीराबाहेरून सोडलेल्या आघात तरंगांनी तो फोडण्यात आला. दोन्ही पद्धती प्रौढांसाठी होत्या. १९८५–८६ च्या सुमारास त्या मुलांवर वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. लहान मुलाचे फुप्फुस वृक्काला लागूनच असल्याने तरंगांपासून त्याचे पॉलिस्टायरीनच्या पत्र्याने रक्षण करावे लागले. स्थिर पडून राहण्यासाठी भूलही द्यावी लागे. मुलांची मूत्रवाहिनी मात्र लवचिक असल्याने खड्याचे तुकडे सहज वाहून जातात. प्रौढांत ८ ते १० मिमी. व्यासाची नलिका वापरली जाई. १९९८ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी सुमारे ३·७ मिमी. व्यासाची नलिका वापरल्याचे प्रसिद्ध झाले. तान्ह्या मुलांत धुण्याचे पाणी कोमट ठेवण्याची दक्षताही आवश्यक असते, अन्यथा शरीर झपाट्याने थंड पडते.

चीनमध्ये २००८ साली मेलामाइनची भेसळ केलेल्या दूधभुकटीमुळे सुमारे २,९४,००० बालकांना मूत्रविकार जडले व ६ बालके दगावल्याचे शासनाने जाहीर केले. हे खडे मेलामाइन व यूरिक अम्ल यांचे होते. बहुसंख्य बालकांत भुकटी थांबविणे, भरपूर द्रव देणे आणि मूत्र क्षारधर्मी करणे एवढ्यानेच ते विरघळले किंवा पडून गेले. मूत्रमार्ग दोन्ही बाजूंनी बंद झालेल्या थोड्यांनाच उपकरणांची वा शस्त्राची गरज लागली.