बाजाराचं छप्पर कुणासाठी?

मी भातकुलीहून बोलतोय. आज गोष्ट आहे बाजाराच्या छपराची.

मागच्या ऑक्टोबरात बाबांसोबत सोयाबीन घेऊन एका बाजार समितीत गेलो होतो. आभाळ भरून आलेलं. लिलावाचं शेड चांगलं मोठं, पण आत व्यापाऱ्यांनी आधीच घेतलेल्या मालाच्या थप्प्या. आमचा ढीग उघड्यावर. ताडपत्री टाकली, तरी खालून पाणी शिरलंच. माल भिजला, भाव पडला. बाबा म्हणाले, “शेड सरकारचं, जागा व्यापाऱ्याची, अन् पानी तेवढं आपलं!”

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. बाजाराला छप्पर घालतात ते कुणासाठी?

जरा लांब जाऊ, इटलीतल्या फ्लॉरेन्सला. युरोपच्या प्रबोधनकाळात, १५४७ ते १५५१ दरम्यान, तिथे ‘मेर्काटो नुओव्हो’ म्हणजे नवा बाजार उभा राहिला. या इमारतीला भिंतीच नाहीत. खांब, त्यांवर अर्धगोल कमानी, वर छप्पर. ऊन-पाऊस अडतो, पण आतला व्यवहार रस्त्यावरून दिसतो. इथे रेशीम आणि सोन्याचा व्यापार चालायचा. मधोमध जमिनीत संगमरवरी चाक बसवलंय. दिवाळं काढणाऱ्या व्यापाऱ्याला त्यावर सगळ्यांदेखत उघड्या ढुंगणावर आपटायचे! म्हणजे छप्पर व्यापाऱ्याला, आणि त्याच छपराखाली शिक्षाही त्यालाच.

आता पुण्यात या. पूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर विकली जायची. १८८६ मध्ये नगरपालिकेने दगडी मंडई बांधली. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून फुटलेली लांब दालनं. गव्हर्नरच्या नावावरून नाव पडलं ‘रे मार्केट’. या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचं म्हणणं, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा. ते ऐकलं गेलं नाही. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचं नाव मिळालं!

आणि मंडळी, त्याच १८८६ साली आपल्या वऱ्हाडात काय झालं? कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला. तिकडे पुण्यात दगड चढत होते, इकडे नियम. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच आला.

नियम कशाला हवे होते? जुन्या बाजारात दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, त्यालाच भाव कळायचा नाही. वर कडता, हमाली, तोलाई. फ्लॉरेन्सला व्यवहार दिसावा म्हणून भिंती नव्हत्या. आपल्याकडे भिंत एका रुमालाची होती.

पण फार हुरळून जाऊ नका. इंग्रजांना काळजी होती मँचेस्टरच्या गिरण्यांची. त्यांना स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस रास्त भावात हवा होता. शेतकऱ्याचं भलं झालं असेल तर ते जाता जाता.

म्हणून मला वाटतं, फुल्यांचा प्रश्न मंडईपुरता नव्हताच. कुठलीही इमारत बघितली की विचारायचं: पैसा कुणाचा, आणि सावली कुणाला? आज उघड लिलाव आहे, बाजार समितीवर शेतकऱ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधीही आहेत. रुमाल गेला. पण थप्पी अजून शेडमध्येच आहे, आणि ढीग बाहेर.

यंदा सोयाबीन निघालं की मी ट्रॉली रिकामी करायच्या आधी सचिवांच्या खोलीत जाणार आहे. शेडमध्ये जागा मागणार, लेखी. बाबा म्हणतात, “देतीन का रे?” बघू. मागितल्याशिवाय तर कळणार नाही ना!

तुमच्या गावच्या बाजारात छपराखाली कोण असतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!