ओट्यावरील अन्नापहार : लक्षण, कारण आणि निवारण

प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. घरात पाळलेला कुत्रा स्वयंपाकाच्या ओट्यावरील अन्न खातो, ते कसे थांबवावे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. विवेचनासाठी वर्धा जिल्ह्यातील एक सामान्य घर गृहीत धरले आहे : समोर अंगण, मागे परसदार, मध्ये स्वयंपाकघर, आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार कूलरपुढे निजलेले कुटुंब. शेवटचा तपशील गौण भासेल, परंतु पुढे त्याचेच प्रयोजन सर्वाधिक आहे.

प्रथम संज्ञा निश्चित करू. 'ओटा' म्हणजे उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी बांधलेला, साधारणतः ३२ ते ३४ इंच उंचीचा कडप्प्याचा वा ग्रॅनाइटचा पृष्ठभाग. 'अन्नापहार' म्हणजे कुत्र्याने त्याला न दिलेले अन्न ओट्यावरून स्वतः घेणे. या लक्षणातील 'न दिलेले' हे पद गाळल्यास पोळ्या लाटताना ओट्यावरून हाताने भरवलेला तुकडाही अपहारात मोडेल आणि लक्षण अतिव्याप्त होईल. तो तुकडा अपहार नसला तरी अपहाराचे बीज आहे, हे यथाक्रम दिसेलच. 'ओट्यावरून' हे पदही आवश्यक आहे. जमिनीवर सांडलेले वेचणे हा कुत्र्याचा प्राचीन व्यवसाय असून त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.

'चोरी' हा शब्द हेतुतः टाळला आहे. चोरीला तीन अंगे लागतात : (१) वस्तू परकीय असल्याचे ज्ञान, (२) स्वामीच्या असंमतीचे ज्ञान, (३) तरीही घेण्याचा संकल्प. तिसरे अंग कुत्र्याच्या ठायी निर्विवाद आहे. पहिल्याविषयी आढळते ते असे की श्वानव्यवहारात स्वामित्व म्हणजे ताबा : तोंडात आहे किंवा दोन पंजांत आहे ते आपले, आणि सोडून दिलेले ते कोणाचेच नाही. निर्जन स्वयंपाकघरातील परात या न्यायाने अनाथ वस्तू ठरते. दुसऱ्या अंगाविषयी युलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मननीय आहे. मनुष्याने मनाई केलेले अन्न कुत्र्यांनी उजेडापेक्षा अंधारात अधिक वेळा घेतले. यावरून माणूस पाहतो आहे की नाही याचा सुगावा कुत्र्याला लागतो, एवढेच निष्पन्न होते. पाहणारा नसतानाही मनाई कायम राहते, ही कल्पना त्याच्या ठायी असल्याचे निष्पन्न होत नाही. तीन अंगांपैकी दीड अंग उपलब्ध असता चोरीचा आरोप टिकत नाही.

येथे पूर्वपक्ष उपस्थित होतो. ज्ञान असो वा नसो, दंडाने वर्तन बदलते, म्हणून दंड द्यावा. हा पक्ष जुना आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दंडाची आवश्यकता सांगताना, राजाने दंड न योजल्यास कावळा पुरोडाश खाईल आणि कुत्रा हवि चाटेल, असेच उदाहरण घेतले आहे. दंडनीतीला दृष्टांत हवा होता तेव्हा तो अन्नाजवळच्या कुत्र्यातच सापडला. परंतु परंपरेत याचे उत्तरही आहे. महाभारताच्या आदिपर्वात राजा जनमेजयाच्या सत्रमंडपी देवांची कुत्री सरमा हिचा पुत्र येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जाऊन सांगतो की आपण हवीकडे पाहिले नाही आणि ते चाटलेही नाही. सरमा जाब विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते. दंड संशयावर दिला गेला, कृतीवर नव्हे, हा त्या कथेतील दोष आहे. घरोघरच्या दंडात नेमका हाच दोष आढळतो.

कारण असे. कृती आणि फल यांत एकदोन क्षणांहून अधिक अंतर पडले, तर कुत्रा त्यांचा संबंध जोडत नाही. गृहिणी चार वाजता उठते, रिकामे ताट पाहते आणि अंगणातून कुत्र्याला ओढून आणते. त्या वेळी दंड मिळतो तो बोलावल्यावर येण्याला. कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो, आणि 'बघा, त्याला कळतं' असे अनुमान काढले जाते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये या अनुमानाची परीक्षा केली. तो अपराधी चेहरा कृतीवर अवलंबून नसून मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो, असे आढळले. काही न खाल्लेले पण बोलणी बसलेले कुत्रे तर अधिकच अपराधी दिसले. सरमेच्या पुत्राची साक्ष ग्राह्य धरण्यास एवढे पुरेसे आहे.

दंड तत्क्षणी दिला तर? तरीही दोन आपत्ती राहतात. पहिली, कुत्रा 'ओटा वर्ज्य' असे न शिकता 'माणसासमोर ओटा वर्ज्य' असे शिकतो आणि अपहार दुपारच्या निद्राकाळात स्थलांतरित होतो. दुसरी, तोंडातील अन्न हिसकण्याची सवय लागल्यास कुत्रा ते राखू लागतो, गुरगुरतो, आणि एखाद्या दिवशी दात लावतो. (प्रसंगोपात्त : कुत्र्याला हाकलण्याचा मराठी उद्गार 'हाड्' आहे आणि त्याच्या परमप्रिय वस्तूचे नावही 'हाड'. श्रोत्याची अडचण समजण्यासारखी आहे.)

दंड अशा रीतीने निरस्त झाल्यावर कारणमीमांसेकडे वळावे लागते. कारणे चतुर्विध आहेत.

(१) प्रकृती. कुत्रा हा मानवी वसतीच्या उष्ट्यावर वाढलेला प्राणी आहे. एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले की पिष्ट पचविणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात बहुधा दोन असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. ज्वारीची भाकरी त्याला अन्न वाटते याचे मूळ इतके खोल आहे. लॅब्राडोर जातीत आणखी एक विशेष आहे : सुमारे चतुर्थांश कुत्र्यांत भुकेशी संबंधित पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, असे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळले. असा कुत्रा अधाशी म्हणून निंदनीय ठरत नाही.

(२) व्याधी. जंत, मधुमेह, कुशिंगचा विकार, स्वादुपिंडाच्या पाचकरसाची न्यूनता, तसेच स्टेरॉइडची औषधे यांनी भूक अपरिमित वाढते. पूर्वी सभ्य असलेला प्रौढ कुत्रा एकाएकी ओट्यावर चढू लागला, तर प्रथम पशुवैद्य, नंतर शिक्षण. हा क्रम उलटू नये.

(३) क्षुधा. एकवेळ, तेही उरले तर, अशा पद्धतीने पोसलेला कुत्रा अपहार करील यात नवल नाही. १९२६ साली अहमदाबादच्या कुत्र्यांच्या प्रश्नावर गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेखमाला लिहिली. कुत्र्याला तुकडे टाकायचे आणि त्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया नव्हे, असा तिचा आशय होता. दहा वर्षांनी ते वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, येऊन राहिले. त्याच परिसरात आजही दारातले असंख्य कुत्रे अर्धपालित आहेत : नाव ठेवलेले, परंतु वेळ न ठरलेले. ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी, दिवसातून दोनदा पोटभर अन्न हा सर्व उपायांचा पाया आहे.

(४) अभ्यास. हे कारण प्रधान आहे. जे वर्तन फळ देते ते दृढ होते, हा थॉर्नडाइकचा नियम सर्वपरिचित आहे. त्याहून महत्त्वाचा सिद्धांत स्किनरच्या प्रयोगांतून स्थिर झाला : नित्य फळणाऱ्या वर्तनापेक्षा अधूनमधून फळणारे वर्तन अधिक चिवट असते. ओट्यावर दर वेळी पोळी मिळत नाही, म्हणूनच कुत्रा दर वेळी पाहून येतो. वीस दिवस ओटा स्वच्छ ठेवून एकविसाव्या दिवशी तूप लावलेल्या पोळ्यांची चवड उघडी राहिली, तर वीस दिवसांचा संयम वाया गेला एवढेच होत नाही. तो प्रतिकूल ठरतो. कुत्रा शिकतो की चिकाटी ठेवावी.

निवारणाकडे जाण्यापूर्वी एक ऐतिहासिक भेद लक्षात घेणे इष्ट आहे, कारण बहुतेक उपाय तो न जाणल्यामुळे फसतात. ओटा ही अर्वाचीन वस्तू आहे. चूल जमिनीवर होती, स्वयंपाक बसून होई. वर्ध्यातील मगनवाडीच्या ग्रामोद्योग संघाने पुरस्कारलेली धुराड्याची मगन चूलही बैठ्या स्वयंपाकाचीच होती. अन्न कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर असे, तरी अपहार आजच्याहून अधिक होई असे मानण्यास आधार नाही. रक्षण दोन गोष्टी करीत. दूध-दही शिंक्यावर आणि उरलेले अन्न जाळीच्या कपाटात असे. ('शिंके तुटले, बोक्याचे फावले' या म्हणीत कुत्रा नाही, ही नोंद घ्यावी.) आणि दुसरे, उंबरठा. सोवळ्याच्या नियमाने कुत्रा स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नसे, आणि त्याचा घास त्याला दाराबाहेर मिळे. त्या नियमाची इतर अंगे त्याज्य ठरली ते योग्यच झाले. परंतु त्यात अनुस्यूत असलेली सीमा कुत्र्याला कळणारी होती. ती जमिनीवर आखलेली आणि पायांनी ओलांडण्याची होती. पुढे ओटा उंच झाला, भिंत गेली, उंबरठा फरशीत जिरला, आणि उंची हीच सीमा आहे असे माणसाने गृहीत धरले. मध्यम चणीचा गावठी कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे पंजे ओट्याच्या कडेवर सहज टेकतात. उंची ही त्याच्या दृष्टीने सीमा नसून अंतर आहे, आणि अंतर कापण्यासाठीच असते. तेव्हा ओट्याचे रक्षण ओट्यावर न करता जमिनीवर करावे, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य सिद्धांत होय. नाण्यांचा डबा कडेवर ठेवून तो पाडण्यासारखे उपाय याच कारणाने गौण आहेत. त्यांनी कुत्रा डब्याला भितो, किंवा स्वयंपाकघरालाच.

निवारणाच्या अवस्था तीन.

पहिली अवस्था निष्फलतेची. किमान काही आठवडे कुत्र्याला ओट्यावर एकही घास मिळता कामा नये. पोळ्या डब्यात, उरलेले फ्रिजमध्ये, खरकटी भांडी मोरीत, आणि निद्राकाळात स्वयंपाकघराचे दार लावलेले. दार नसल्यास लाकडी फळी. ओटाही पुसावा, कारण वासाने भरलेला रिकामा ओटा कुत्र्याला भरलेलाच आहे. या अवस्थेत एक उसळी येते : फळ बंद झाल्यावर वर्तन शमण्याआधी काही दिवस वाढते. अनेक घरे याच टप्प्यावर 'उपयोग नाही' म्हणून थांबतात आणि उसळीला फळ देतात.

दुसरी अवस्था पर्यायाची. 'चढू नको' ही आज्ञा अभावरूप आहे. अभाव करून दाखविता येत नाही. त्याऐवजी भावरूप कृती द्यावी : गोणपाटावर बसणे. स्वयंपाकघराच्या दाराशी, लुप्त उंबरठ्याच्या जागी, घडी केलेले गोणपाट अंथरावे. कुत्रा त्यावर बसला की शेंगदाण्याएवढा पोळीचा तुकडा गोणपाटावरच ठेवावा. हातातून नव्हे आणि ओट्यावरून तर मुळीच नव्हे. लक्षणविचारात उल्लेखिलेले बीज येथे नष्ट होते : अन्न वरून येते, ही धारणा मोडून अन्न गोणपाटावर उगवते, ही धारणा रुजते. प्रथम पाच क्षण, मग पोळी लाटून होईपर्यंत, मग संपूर्ण स्वयंपाक. कालावधी, माणसाचे अंतर आणि अन्नाचे आकर्षण हे तीन घटक एकाच वेळी वाढवू नयेत. एक वाढविताना इतर दोन कमी करावेत. गोरसपाक बिस्किटांचा पुडा फोडल्यावरही कुत्रा मान लांबवून, लाळ गाळीत, पण मागचे पाय गोणपाटावर ठेवून बसला, तर ती अवस्था पूर्ण झाली असे समजावे. लाळ हा दोष नाही.

तिसरी अवस्था अनुपस्थितीची. पाहणारा नसताना वर्तन टिकते का, हे क्रमाने तपासावे. माणूस एक पाऊल दाराबाहेर जातो, परततो, गोणपाटावर फळ ठेवतो. मग दहा पावले. मग शेजारच्या खोलीत. दहापैकी नऊ वेळा यश येईपर्यंत पुढील पायरी घेऊ नये. मटण शिजत असलेला रविवार ही या अवस्थेची शेवटची परीक्षा, पहिली नव्हे.

अपहार घडत असता काय करावे, हा वेगळा प्रश्न आहे. घास तोंडात गेला असल्यास विनिमय करावा : अधिक रुचकर तुकडा जमिनीवर टाकावा आणि कुत्रा तिकडे वळला की पहिला उचलावा. अन्न विषारी असल्यास विनिमयानंतर थांबू नये. कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. झुणक्यापासून सावजी रश्श्यापर्यंत येथील बहुतेक पदार्थ या वर्गात येतात. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंड बिघडवू शकतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावे असे अलीकडे मानले जाते, आणि ते चिंचेतही विपुल असल्यामुळे चिंचेचा कोळ उघडा ठेवू नये. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे पडतात, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली मिठाई घातक आहे. अशा प्रसंगी काय खाल्ले, किती आणि केव्हा, या तीन गोष्टी घेऊन पशुवैद्याकडे जावे. मिठाचे पाणी पाजून घरी ओकारी काढू नये, कारण मीठही बाधते.

एक वर्ग शेष राहतो. रस्त्यावर वाढून प्रौढपणी घरात आलेला कुत्रा गोणपाट शिकतो, पाहुण्यांसमोर आदर्श बसतो, आणि तरीही मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, कूलरच्या आवाजाआड, ओट्यापाशी उभा राहतो. वर्षानुवर्षे अधूनमधून फळलेले वर्तन त्याच्या ठायी पूर्णपणे शमेलच असे नाही. अशा कुत्र्याबाबत पहिली अवस्था आमरण चालू ठेवावी : जेवणे झाली की ओटा पुसावा, पोळ्यांचा डबा आत ठेवावा, आणि आडवे होण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावावी.