झोळीचं वजन

माझ्या हॅमॉकचं वजन 410 ग्रॅम आहे. झाडाला गुंडाळायचे पट्टे धरले तर 560. पावसासाठी वर ताणायचं, सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉनचं छत आणखी 450 ग्रॅम. हे आकडे मला पाठ आहेत, कारण ट्रेकला न्यायची प्रत्येक वस्तू मी आईच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून एका स्प्रेडशीटमध्ये नोंदवली आहे. घणसोलीच्या ऑफिसात आठवडाभर कोडमधले मिलिसेकंद वाचवणारा मुलगा शनिवारी पाठीवरचे ग्रॅम वाचवतो, याचं घरात कुणाला नवल वाटत नाही. टूथब्रशचा दांडा कापला तेव्हा मात्र आई थोडा वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली होती.

2022च्या डिसेंबरात पनवेलच्या पलीकडच्या एका डोंगरवाडीत मी पहिल्यांदा हे सगळं टांगलं. वाडी ठाकरांची. खालच्या डांबरी सडकेपासून तासाभराची चढण, वर यायला गाडीरस्ता नाही. कडेच्या दोन आंब्यांमध्ये हॅमॉक बांधून मी आत पडलो आणि थंडीने रात्रभर कुडकुडलो (त्याचं कारण पुढे येईल). सकाळी ज्यांच्याकडे चहा घेतला त्या आजींनी विचारलं, "दादा, झोळीत का निजलास? बरं नाही का?"

बरं आहे, म्हटलं. आजींचा विश्वास बसला नाही. "झोळीत तान्हं पोर निजतं," त्या म्हणाल्या, "नाहीतर ज्याला खाली न्यायचं असतं ते माणूस."

परत आल्यावर मी या वस्तूचा इतिहास वाचायला घेतला. खरं सांगायचं तर आजींना उत्तर द्यायचं होतं. जगभर लोक हौसेने झोळीत झोपत आले आहेत, असं काहीतरी सापडेल अशी अपेक्षा होती. सापडलं ते जरा वेगळं होतं.

'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. मूळ रूप 'हमाका'. कोलंबस 1492च्या ऑक्टोबरात बहामा बेटांवर उतरला. पाच दिवसांनी, 17 तारखेच्या नोंदीत, इथल्या लोकांची अंथरुणं सुती जाळ्यांसारखी असतात, असं त्याच्या रोजनिशीत येतं. पुढे गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या 1535 साली छापलेल्या ग्रंथात हमाकाचं चित्रही आलं. शब्द स्पॅनिशमधून युरोपभर पसरला. डच लोकांनी तर त्याला आपल्या भाषेचा अर्थ चिकटवला आणि 'हांगमाट', म्हणजे टांगलेली चटई, असं रूप केलं. शब्द टिकला, वस्तू टिकली. ताइनो लोक मात्र रोगराईने आणि सक्तीच्या मजुरीने पन्नासेक वर्षांत जवळजवळ संपले.

उष्ण, दमट, किड्यामुंग्यांनी भरलेल्या जंगलात जमिनीपासून तीन फूट वर झोपणं शहाणपणाचं होतं. पाठीखालून वारा फिरतो, ओल लागत नाही, साप-विंचू अंथरुणात येत नाहीत. युरोपीय दर्यावर्दींना त्यात आणखी एक सोय दिसली: जागा. इंग्रजांच्या आरमाराने 1597 मध्ये खलाशांच्या 'टांगत्या बिछान्यां'साठी कॅनव्हास विकत घेतलं. युद्धनौकेवर एका खलाशाला हॅमॉक टांगायला मिळे ती जागा 14 इंच रुंद. आपल्या लोकलच्या चौथ्या सीटवरच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. सकाळी हॅमॉक घट्ट वळून जहाजाच्या कठड्यावरच्या जाळ्यांत रचून ठेवत. लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना त्यांचाच थोडाफार आडोसा होई. खलाशी मेला की त्याला त्याच्याच हॅमॉकमध्ये शिवत, पायाशी तोफेचे गोळे घालत आणि समुद्रात सोडत.

या कथेत मुंबईही आहे. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'ट्रिंकोमाली' नावाची सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे, तिचं संग्रहालय झालं आहे. आपल्याकडच्या सुतारांनी घडवलेल्या त्या सागवानी तुळयांखाली परक्या खलाशांच्या झोळ्या ओळीने टांगल्या जात.

इथवर झोळी म्हणजे गरिबाचं, कामकऱ्याचं अंथरूण. पण तिच्यात दांडा घातला की सगळं बदलतं. पोर्तुगीजांच्या ब्राझीलमध्ये मळेवाले झोळीत पडून दोन गुलामांच्या खांद्यांवरून फिरत. त्याच साम्राज्याच्या आपल्या बाजूला, गोव्यात, 'मचिला' होती: दांड्याला लटकवलेलं आसन किंवा झोळी, उचलायला भोई. शब्द आपल्याच किनाऱ्यावरचा. मल्याळममध्ये तो 'मंजील' असा आहे. पोर्तुगीजांनी तो मोझांबिकला नेला आणि झांबेझीच्या खोऱ्यात गोरे अधिकारी नि व्यापारी एकोणिसाव्या शतकात आफ्रिकी हमालांच्या खांद्यावर 'मचिला'तूनच प्रवास करत. आत पडलेल्याला प्रवास हलका वाटत असणार. वजन कुठे नाहीसं झालं नव्हतं, खांदा बदलला होता.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हे गणित सगळ्यांनीच सोडवलेलं असतं. झोळीची दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर 70 किलोच्या माणसासाठी प्रत्येक बाजूच्या दोरीवर 70 किलोचाच ताण येतो. बिछाना सपाट व्हावा म्हणून दोरी ताणून कोन 10 अंशांवर आणला, तर ताण 200 किलोच्या वर जातो. 5 अंशांवर 400. म्हणजे झोपणाऱ्याने सपाटपणाचा हट्ट धरला की त्याची किंमत झाड मोजतं. जाणते लोक म्हणूनच झोळी सैल सोडतात आणि तिच्यात तिरपे झोपतात. तिरपं झोपलं की पाठ आपोआप सपाट होते. ब्राझीलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असंच झोपतात. मला ते तीन ट्रेक पाठ धरल्यावर समजलं.

हल्लीची हलकी झोळी मात्र युद्धाची लेक आहे. वॉलेस कॅरोथर्सने ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये नायलॉन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम बंद झालं आणि पॅराशूट नायलॉनची झाली. त्याच युद्धात अमेरिकी सैन्याने वर छत आणि बाजूंना मच्छरदाणी असलेली जंगल-झोळी काढली. आज माझ्यासारखे जे वापरतात त्याचा आराखडा तिच्यातच आहे. व्हिएतनाम युद्धात हो चि मिन्ह मार्गावरून चालणारे सैनिक आपापली झोळी घेऊन चालत. रात्री ती झाडाला बांधून झोपत. सोबती जखमी झाला की तिच्यातच बांबू घालून त्याला उचलत. आजींनी सांगितलेले दोन अर्थ तिथे एकाच कापडात होते.

आता डिसेंबरातल्या कुडकुडण्याबद्दल. कोकणात मे महिन्यात जो वारा पाठीखालून गारवा देतो, तोच घाटमाथ्यावरच्या थंडीत शत्रू होतो. स्लीपिंग बॅगेचा उपयोग तिच्या फुगीरपणात असतो. पाठीखाली ती दबते आणि ऊब जाते. म्हणून थंडीत झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला, एक दुलई सैल टांगावी लागते. पावसाळ्यात दुखणं निराळं: छत कितीही मोठं असलं तरी पाणी दोरीवरून ओघळत आत येतं. दोरीला छताच्या आत सुतळीचा तुकडा बांधला की थेंब तिथून खाली पडतात. हिमालयात वृक्षरेषेच्या वर तर प्रश्नच मिटतो, टांगायला झाडच नसतं. जंगलात, उकाड्यात जन्मलेली ही वस्तू आहे. तिथून जितकं दूर न्यावं तितकं तिच्यासोबत सामान वाढतं. माझी स्प्रेडशीट हे कबूल करायला तयार नव्हती.

2023च्या एप्रिलमध्ये मी त्याच वाडीत परत गेलो. उकाडा होता, झोळीत झकास झोप लागली. पहाटे तीनच्या सुमारास हाकाट्यांनी जाग आली. शंभरेक पावलांवरच्या घरात चाळिशीतल्या एका मामांना झोपेत विंचू चावला होता. ते जमिनीवर गोधडी टाकून निजले होते. मी गेलो तेव्हा घामाने निथळत होते, उलट्या चालू होत्या, हातपाय गार पडले होते.

तांबड्या विंचवाचं विष हृदयावर जातं. एके काळी कोकणात त्याने माणसं सर्रास मरत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या अशा रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं, त्यावर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. साधी, स्वस्त गोळी. अट एवढीच, की माणूस वेळेत गोळीपर्यंत पोहोचला पाहिजे.

वाडीतली माणसं बांबू घेऊन आली. मी पळत जाऊन माझं हॅमॉक सोडून आणलं. सैन्याच्या झोळीची सगळी वंशावळ मला पाठ होती, आणि माझ्या हॅमॉकवर 180 किलोची क्षमता लिहिलेली होती. आम्ही ते बांबूला बांधलं, मामांना आत ठेवलं, उचललं. नायलॉन ताणलं गेलं आणि त्यांची पाठ दगडाला टेकली. वर ओढून बांधलं तर बारीक दोरी गुळगुळीत बांबूवरून घसरली. माझी वस्तू स्थिर झाडांसाठी बनली होती, चालत्या खांद्यांसाठी नाही. या खटाटोपात पाच-सात मिनिटं गेली. मग कुणीतरी काही न बोलता ते सोडलं, घरातली जाड सुती चादर आणली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि बांबू आत सारला. ती पाच-सात मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

आम्ही सात-आठ जण होतो, आळीपाळीने खांदा देत उतरलो. उतारावर चादर बांबूवरून पुढे सरकते आणि पुढच्याच्या खांद्यावर जास्त भार येतो, म्हणून पुढे अनुभवी माणूस आणि मागे माझ्यासारखा. माझी सॅक सहा किलोची असते. इथे माझ्या वाट्याला वीसेक किलो आले असतील. दर शंभर पावलांवर खांदा बदलूनही दुसऱ्या दिवशी मला हात वर करता येत नव्हता. मामा वाचले. ज्यांच्यासोबत उतरलो त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, की त्या वर्षातली ही तिसरी झोळी.

मोखाडा, जव्हार, पेण या भागांतून अशा झोळ्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. फोटोत बांबू असतो, चादर असते, चिखल असतो. आपण मुंबई-नवी मुंबईचे लोक त्याच वाटांवर दर शनिवारी जातो. आम्हाला वाडीला रस्ता नसणं आवडतं, फोटोत डांबर येत नाही.

त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगड माझा पहिला ट्रेक. वाडी वाटेत लागायची. तिथेही गाडीरस्ता नव्हता. बचावाची माणसं भर पावसात चालत वर गेली, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, यंत्रं नेता आली नाहीत. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ सिडकोने घरं बांधली. ज्या सिडकोने माझं शहर वसवलं, तीच ही. माझ्या सोसायटीच्या दारापर्यंत रस्ता आधी आला, इमारत नंतर.

आजींना द्यायचं उत्तर इतिहासात मिळालं नाही. झोळीत हौसेने निजणारे, स्वतःचं वजन स्वतःच वाहून त्याला हलकं म्हणणारे आम्ही या पाचशे वर्षांत अगदी अलीकडचे आणि मूठभर आहोत. बाकीच्यांसाठी झोळी म्हणजे जमिनीवर जागा नसणं, नाहीतर रस्ता नसणं.

हॅमॉक मी अजून वापरतो. त्यासोबत आता एक जाड सोलापुरी चादर असते, 1 किलो 150 ग्रॅमची. थंडीत ती पाठीखाली चालते. गेल्या हिवाळ्यात वाडीत गेलो तेव्हा आजींनी ती हातात घेतली, दोन्ही टोकं धरून जोरात ओढून पाहिली, आणि घडी करून परत देत म्हणाल्या, "ही धरेल."