केसपेपरवरची एक ओळ

परवा आत्या जेवायला आली होती. पांढरा रस्सा दोनदा घेतला, तांबड्याला मात्र हात लावला नाही. "तोंड कोरडं पडतंय रे, तिखट सोसत नाही," म्हणाली. कोल्हापूरची बाई आणि तांबडा रस्सा नको!

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आजार बरा झाला. पण नंतर गाल सुजायचे, लाळ आटली. डॉक्टर म्हणाले, "होतं असं काहींना." खरंच होतं, कारण हे आयोडीन लाळेच्या ग्रंथींतही शिरतं. पण केसपेपरवर त्याची एक ओळ उमटली नाही.

अशा ओळीचं मोल कळायला थोरोट्रास्टचा इतिहास पाहावा. १९३०च्या दशकापासून हे थोरियमयुक्त औषध एक्स-रेत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून जगभर टोचलं गेलं. चित्रं सुरेख यायची आणि पेशंटला लगेच काही त्रास नसायचा. इशारे तेव्हाही दिले गेले होते, पण वापर १९५०च्या दशकापर्यंत चाललाच. औषध यकृतात कायमचं बसायचं आणि वीस-तीस वर्षांनी तिथे कॅन्सर व्हायचा. तोवर टोचणारा डॉक्टर कुठला आणि पेशंट कुठला! जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इथल्या संशोधकांनी जुनी दप्तरं उपसून हिशेब मांडला. सापडले ते फक्त ज्यांची नोंद होती तेच.

आपल्याकडे 'अप्सरा' अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, मुंबईचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २०१० चा. त्याच्या फॉर्मवर पुरावा लागत नाही, संशय पुरतो. पेशंटचं नाव गुप्त राहतं, आणि फॉर्म भरला म्हणजे डॉक्टरनं चूक कबूल केली असं होत नाही. तरीही "हे तर माहीतच आहे" म्हणून तो कोराच राहतो. माहीत असलेला त्रास किती जणांना होतो, किती वर्षं टिकतो, हे मग कसं कळणार?

पेशंटलाही कळवता येतं, १८००-१८०-३०२४ वर फुकट फोन आहे. आत्याला म्हटलं, भरू या. "आता मला काय उपयोग त्याचा?" म्हणाली. पण संध्याकाळी तिचाच फोन आला... कपाटातल्या पिशवीत जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलंय, तारीख आणि डोस दोन्ही आहेत त्यावर.

रविवारी बसतोय आम्ही फॉर्म घेऊन.