तीन सेलची बॅटरी

आबांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, तीन सेलची बॅटरी अजून आमच्या फडताळात आहे. सेल सुटून आतून गंजली आहे, पेटत नाही. फेकून द्यायला मात्र हात होत नाही.

जेऊरच्या पलीकडं आमची वस्ती. उजनी धरण 1980 ला पुरं झालं, त्याआधी इथं ऊस नव्हता, केळी तर नावालाही नव्हती. माळ, तुरळक बाभळी आणि ज्वारी. ज्वारी दाण्यात आली की रात्री राखणीला माळ्यावर जायचं. आबांकडं बाराबोअरची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. रानडुकरांसाठी म्हणून घेतलेली, पण ससा आडवा आला तर तोही सुटायचा नाही. त्या काळी त्याचं कुणाला वावगं वाटत नव्हतं.

झोत पडला की जनावर बावरतं, जागीच थबकतं, आणि त्याच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरून उजेड उलटा फिरतो. आबा मला त्या डोळ्यांचं गणित शिकवायचे. जमिनीपासून उंची किती, दोन डोळ्यांत अंतर किती, उड्या मारत जातात का सरळ. “डोळं दिसलं म्हंजी जनावर दिसलं न्हाई. अंग दिसल्याबिगर चाप वढायचा न्हाई,” असं ते बजावायचे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. अवसेची रात्र. ज्वारीच्या कडेला, बुटक्या उंचीवर दोन डोळे चमकले. आबांनी बंदूक खांद्याला लावली, मी बॅटरी धरलेली. माझा हात हलत होता म्हणून त्यांनी दातओठ खाल्ले. डोळे हलेनात. अंग काही दिसेना, मागं नुसता काळा ढीग. बराच वेळ गेला. मग तो ढीग कुशीवर वळला आणि खोकला.

धनगराचं पोर होतं, माझ्याच वयाचं. काळं घोंगडं पांघरून निजलेलं, आणि चुकार मेंढी त्याच्या उशाला बसलेली. मेंढीचे डोळे चमकले. माणसाचे चमकत नाहीत, हे मला त्या रात्री कळलं. आबांनी काडतूस काढून खिशात घातलं आणि पहाटेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पुढं 1972 चा वन्यजीव कायदा आला. त्याच्या सतराव्या कलमात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि कृत्रिम उजेडात, खास परवानगीशिवाय शिकार करायला मनाई होती. 1991 ला शिकारच बंद झाली तेव्हा ते कलमही गेलं. आबांनी बंदूक त्याच्या कितीतरी आधी खुंटीला टांगली होती.

हे सगळं पुन्हा आठवलं ते डिसेंबर 2020 मध्ये. करमाळा तालुक्यात बिबट्या शिरला आणि पहिल्या आठवड्यातच तिघं गेले. चिखलठाणच्या शिवारात गेली ती ऊसतोड कामगारांची लहानगी. तालुका दिवस मावळताच दारं लावून बसू लागला. पण दारं लावून भागतंय कुठं? थ्री-फेज लाईट रात्रीची, पाणी धरायला उसात जायलाच हवं. वनखात्याची माणसं, पिंजरे, ट्रॅप कॅमेरे, ड्रोन, शूटर, सगळं शिवारात उतरलं होतं.

माझा पुतण्या मोबाइल घेऊन आला. “तात्या, दुर्बीण घ्यू या का? ह्यात नाईट व्हिजन हाय, ह्यात थर्मल. कुठली घ्यू?”

मी त्याच्याकडूनच समजून घेतलं. नाईट व्हिजन चांदण्याचा उजेड वाढवून दाखवते. स्वस्तातली असेल तर डोळ्यांना न दिसणारा झोत स्वतःच टाकते. थर्मलला उजेड लागतच नाही, ती अंगाची ऊब दाखवते. त्या रात्री आबांच्या हाती थर्मल असती, तर ते पोर घोंगड्यातूनही थोडंफार उजळ दिसलं असतं. हे मी त्याच्यापाशी मान्य केलं.

“पण बाबा, उसाचं काय?” मी विचारलं. दाट पाचटाच्या आड बसलेलं जनावर थर्मललाही दिसत नाही. दिवसभर तापलेला दगड तिन्हीसांजेला जनावरासारखाच उजळतो. रान निवल्यावर, पहाटे, चित्र नीट दिसतं. आणि उजळ ठिपका कुत्र्याचा, वासराचा की पाणी धरणाऱ्या गड्याचा, ते बघणाऱ्यानंच ओळखायचं. त्यात असली दुर्बीण हाती आली की पोरं बंदूकवाल्याला सोबत घेऊन निघणार, ही मला खरी धास्ती. माणसावर उठलेलं जनावर मारायचं तरी मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी हुकूम लागतो.

दुर्बीण घेतली नाही. डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या घेतल्या आणि एकट्यानं कुणी जायचं नाही असं ठरलं.

18 डिसेंबरला बिटरगाव-वांगी शिवारात, केळीच्या बागेत, अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांच्या गोळीनं तो बिबट्या पडला. गावोगाव फोन वाजले. कुणी फटाके उडवले. त्या रात्रीही लाईट आली आणि आम्ही दोघं पाणी धरायला गेलो. बांधाच्या वळणावर दोन हिरवे डोळे चमकले. पुतण्या जागीच थिजला, माझा दंड त्यानं घट्ट धरला.

“थांब,” मी म्हणालो, “उंची बघ आधी.”

वीतभर होती. वस्तीवरचं मांजर होतं, उंदरावर बसलेलं.