दक्षिण गंगोत्री : एका नावाचा प्रवास

गोदावरीला आपण दक्षिण गंगा म्हणतो आणि पैठणला दक्षिण काशी. नांदेडकडच्या नदीकाठच्या गावांत तर ‘गोदावरी’ हा शब्द बोलण्यात कमीच येतो. पावसाळ्यात लोक सरळ म्हणतात, ‘गंगेला पाणी आलंय.’ काठचा मुलूख तो गंगथडी. उत्तरेतले नाव दक्षिणेत आणून बसवण्याची ही रीत फार जुनी आहे. ज्याच्याविषयी आदर आहे त्याचे नाव आपल्या दारच्या गोष्टीला द्यायचे, म्हणजे ती गोष्ट परकी राहत नाही. हीच रीत १९८० नंतरच्या दशकात भारतीय संशोधकांबरोबर समुद्र ओलांडून गेली आणि ७० अंश दक्षिण अक्षांशापलीकडे, अंटार्क्टिकातल्या एका हिमनदीच्या नावात जाऊन बसली. त्या हिमनदीचे नाव दक्षिण गंगोत्री.

तिची जागा आधी नकाशावर शोधू. अंटार्क्टिकाचा जो भाग आफ्रिकेच्या दक्षिण टोकासमोर येतो, त्याला क्वीन मॉड लँड म्हणतात. मॉड ही नॉर्वेची राणी. याच भागातल्या किनाऱ्याच्या एका पट्ट्याला नॉर्वेच्याच राजकन्येचे, अ‍ॅस्ट्रिडचे नाव आहे. या किनाऱ्याला जहाज लागते तेव्हा समोर जमीन नसते. समुद्रावर तरंगणारा बर्फाचा प्रचंड जाड थर असतो. त्यावरून दक्षिणेकडे ऐंशी-नव्वद किलोमीटर गेले की पहिल्यांदा उघडा खडक दिसतो. पूर्व-पश्चिम पसरलेली ही बुटक्या टेकड्यांची चिंचोळी पट्टी म्हणजे शिर्माखर ओअ‍ॅसिस. क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या चार-पाच गावांचे शिवार एकत्र केले तर एवढे भरेल. मधल्या खोलगट जागांत शंभराहून अधिक लहानमोठी तळी आहेत. ओअ‍ॅसिस म्हणजे मरुद्यान, पण खजुराची झाडे मनात आणू नयेत. शेवाळ आणि दगडफूल यापलीकडे हिरवे असे तेथे काही नाही. बर्फाच्या वाळवंटात बर्फ नसलेली जागा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

शिर्माखर हे एका वैमानिकाचे आडनाव आहे आणि ते तेथे कसे पोहोचले ही गोष्ट फारशी सुखाची नाही. १९३८-३९ च्या उन्हाळ्यात नाझी राजवटीतील जर्मनीने आल्फ्रेड रिचर यांच्या नेतृत्वाखाली ‘श्वाबेनलँड’ हे जहाज या किनाऱ्यावर पाठवले. जहाजावर पाण्यावर उतरू शकणारी दोन विमाने होती. त्यांनी आतल्या प्रदेशावरून फेऱ्या मारून हजारो छायाचित्रे घेतली आणि हक्काची खूण म्हणून वरून धातूचे भाले टाकले. तळ्यांनी भरलेली ही टेकड्यांची रांग शिर्माखर या वैमानिकाला दिसली, म्हणून तिला त्याचे नाव. दक्षिणेला दिसणाऱ्या डोंगररांगांना वोल्टाट हे नाव मिळाले. वोल्टाट हे जर्मन सरकारातले, अर्थव्यवहार पाहणारे अधिकारी. हंबोल्ट या थोर भूगोलज्ञाचेही नाव एका रांगेला दिले गेले. ही मोहीम किनाऱ्याजवळ पोहोचत होती तेव्हाच, १४ जानेवारी १९३९ रोजी, नॉर्वेने या साऱ्या प्रदेशावर आपला हक्क जाहीर केला.

या नकाशात एक मोठी उणीव राहिली. छायाचित्रे आकाशातून घेतली, पण जमिनीवर उतरून एकाही बिंदूचे अक्षांश-रेखांश मोजले नाहीत. त्यामुळे नावे भरपूर आणि जागा अनिश्चित, अशी अवस्था झाली. ती दुरुस्त करायला पुढे नॉर्वेच्या १९५६-६० च्या मोहिमेला काम करावे लागले. आमच्या मते भूगोलाच्या वर्गात हा प्रसंग आवर्जून सांगावा. नाव देणे हे मोजण्यापेक्षा फार सोपे असते.

१ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि १९६१ साली तो अमलात आला. कराराच्या चौथ्या कलमाने प्रदेशावरचे सगळे हक्क होते तसे गोठवून टाकले. जुने हक्क मान्यही नाहीत आणि अमान्यही नाहीत; नवा हक्क मात्र कोणी सांगायचा नाही. १९६१ च्या सुरुवातीलाच शिर्माखर टेकड्यांवर सोव्हिएत संघाचे नोव्होलाझारेव्हस्काया केंद्र उभे राहिले. (त्याच वर्षी तेथल्या डॉक्टर रोगोझोव्ह यांनी स्वतःच्याच आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया स्वतः केली. हा प्रसंग सांगितला की मागच्या बाकावरची मुलेही जागी होतात.)

भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. नेते होते सागरवैज्ञानिक डॉ. सय्यद झहूर कासीम आणि सदस्य एकवीस. ‘दक्षिण गंगोत्री’ हे नाव या सुरुवातीच्या मोहिमांपासून वापरात आले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने एका उन्हाळ्यात या नावाचे कायम वस्तीचे केंद्र उभारले. या मोहिमेचे नेते डॉ. हर्ष गुप्ता हे भूकंपशास्त्रज्ञ. लातूरकरांना हे नाव वेगळ्या संदर्भात आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे ते संचालक होते. याच तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्री-वैज्ञानिक होत्या : भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या सागरवैज्ञानिक अदिती पंत. १९८४ साली केंद्रात टपाल कार्यालयही सुरू झाले. ते टपाल खात्याच्या गोवा विभागाखाली होते, म्हणजे कागदोपत्री अंटार्क्टिका गोव्याच्या शेजारी!

हे केंद्र खडकावर नव्हते, किनाऱ्यालगतच्या तरंगत्या बर्फावर होते. येथेच नावाच्या गोष्टीला वेगळे वळण लागते. तरंगता बर्फ समुद्राकडे सरकत राहतो, म्हणून त्यावरच्या इमारतीचे अक्षांश-रेखांशही हळूहळू बदलतात. वरून दरवर्षी नवे हिम साचते आणि इमारत खाली खाली जाते. काही वर्षांतच केंद्र बर्फाखाली गाडले गेले आणि १९९० साली ते वापरातून काढावे लागले. त्याआधी, १९८९ मध्ये, शिर्माखरच्या खडकावर ‘मैत्री’ हे नवे केंद्र तयार झाले होते. समोरच्या तळ्याचे नाव प्रियदर्शिनी.

जुने केंद्र ७० अंश ५ मिनिटे दक्षिण अक्षांशावर होते, मैत्री ७० अंश ४६ मिनिटांवर. फरक ४१ मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर धरले तर दक्षिणोत्तर अंतर ७६ किलोमीटर येते. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. पुढे रेखांशाचाही प्रश्न विचारावा. नांदेडच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो, तर ७० अंशावर तो जेमतेम ३८. कारण मुले स्वतः पृथ्वीगोल हातात घेऊन शोधतील.

केंद्र गेले, पण नाव उरले ते हिमनदीवर. अंटार्क्टिकाचा खंडीय बर्फ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येतो आणि शिर्माखरच्या टेकड्यांशी अडतो. मैत्रीच्या पश्चिमेला एका ठिकाणी त्याची एक जीभ टेकड्यांच्या आत उतरली आहे. तीच दक्षिण गंगोत्री हिमनदी. हिमनदीचे टोक, म्हणजे तिचे मुख, याला हिमालयातल्या गंगोत्रीपाशी ‘गोमुख’ असा सुंदर शब्द आहेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे लोक १९८३ पासून या दक्षिणेकडच्या मुखाची मोजणी करत आले आहेत. पद्धत साधी आहे : खडकावर पक्क्या खुणा करायच्या आणि तेथून बर्फाच्या कडेपर्यंतचे अंतर पुन्हा पुन्हा मोजायचे. मुख मागे सरकते आहे, पण सरासरीने वर्षाला मीटरभरही नाही. हिमालयातले गोमुख विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाला वीसेक मीटरने मागे जात होते.

दोन्हींचे नाव एक असले तरी स्वभाव एक नाही. हिमालयात उन्हाळा लांब असतो आणि बर्फाचे तापमान वितळण्याच्या बिंदूच्या जवळ असते. वितळलेले पाणी हिमनदीच्या पोटातून वाहते आणि भागीरथी होऊन बाहेर येते. मैत्रीचे वर्षभराचे सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास आहे. उन्हाळ्यातले थोडे आठवडे मुखापाशी पाणी सुटते आणि जवळच्या तळ्यांत जाते. बर्फाचा काही भाग तर पाणी न होता कोरड्या वाऱ्यात सरळ वाफ होऊन जातो. दक्षिण गंगोत्रीतून कोणतीही गंगा निघत नाही. तरीही इतक्या थंड जागी बर्फाची कड सलग मागे जात असेल, तर ती नोंद फार मोलाची आहे, आणि मोजणी सलग चालू राहिली म्हणूनच ती हाती आली.

शिर्माखरचा खडक नाइस जातीचा, फार प्राचीन. हा दगड पाहायला बर्फात जायला नको. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली बाजूला काळा बेसाल्ट संपून ग्रॅनाइट आणि नाइस उघडे पडतात. भूकंपानंतर किल्लारीला विंधन घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्टच्या तळाशीही असाच प्राचीन पाया सापडला. भारत आणि अंटार्क्टिका हे गोंडवन या एकाच महाखंडाचे तुकडे आहेत, हे शिकवताना हातात देगलूरचा एक दगड असावा.

कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या प्रदेशात नाव अधिकृत कसे होते, हा प्रश्न उरतो. त्यासाठी एकच एक अधिकारी नाही. प्रत्येक देश आपली नावे ठरवतो आणि अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती सर्व देशांची नावे एका सामाईक सूचीत नोंदवते. एकाच टेकडीला तीन भाषांतली तीन नावे असू शकतात. वैमानिकाचे, राणीचे आणि अधिकाऱ्याचे नाव आजही तेथेच आहे. कोणी पुसलेले नाही. भारताने १९ ऑगस्ट १९८३ रोजी करार स्वीकारला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्णयात मत देण्याचा अधिकार मिळवला. २००५ साली भारताच्या प्रस्तावावरून ही हिमनदी आणि भोवतालचे सुमारे ४.५ चौरस किलोमीटर क्षेत्र कराराखाली विशेष संरक्षित झाले. त्या यादीत तिचा क्रमांक १६३ आहे आणि परवान्याशिवाय तेथे कोणालाही, भारतीयालासुद्धा, पाऊल टाकता येत नाही. कराराच्या चार भाषा आहेत : इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. चारही भाषांतल्या कागदपत्रांत हे नाव भाषांतर न करता ‘दक्षिण गंगोत्री’ असेच लिहिले जाते, फक्त आपला ‘ण’ त्यांच्यापैकी एकाही लिपीत नाही.